पहिला आठवडा कोणाच्या खिशातून? विस्कॉन्सिनच्या बेकारी भत्त्याचं प्रकरण, २०२०

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी १२ मार्च २०२० ला आरोग्य आणीबाणी जाहीर केली. १७ मार्चला बार आणि रेस्टॉरंटमध्ये बसून खाण्यापिण्यावर बंदी आली. २५ मार्चपासून राज्यभर घरात थांबण्याचा आदेश लागू झाला. वेटर, स्वयंपाकी, सलूनमधले कारागीर, दुकानांतले विक्रेते, हॉटेलांतले सफाई कामगार अशा हजारो माणसांचं काम काही दिवसांत थांबलं. ती बेकारी भत्त्याचा अर्ज भरायला बसली, तेव्हा राज्याच्या कायद्यातली एक जुनी अट आडवी आली. पात्र ठरलात तरी पहिल्या आठवड्याचा भत्ता मिळणार नाही, पैसे दुसऱ्या आठवड्यापासून. या बिनपैशाच्या आठवड्याला तिकडे 'वेटिंग वीक' म्हणतात. आपण प्रतीक्षा आठवडा म्हणू.

ही अट महामारीपुरती उठवावी, याबद्दल देशात फारसा वाद नव्हता. बहुतेक राज्यांनी ती मार्चमध्येच उठवली. विस्कॉन्सिनने उठवली १५ एप्रिलला. मधल्या काही आठवड्यांत काय घडलं आणि त्याचा भुर्दंड कोणाला बसला, हे तपशिलात पाहण्यासारखं आहे. कामगारांसाठीच्या योजना कागदावर चांगल्या असूनही वेळेवर का पोहोचत नाहीत, हे या एका प्रकरणात स्पष्ट दिसतं.

अट आली कुठून

बेकारी विम्याचा अमेरिकेतला पहिला कायदा विस्कॉन्सिननेच केला, १९३२ मध्ये, महामंदीच्या ऐन भरात. १९३६ मध्ये देशातला पहिला बेकारी भत्त्याचा चेक याच राज्यात निघाला. तो १५ डॉलरचा होता. केंद्राचा सामाजिक सुरक्षा कायदा १९३५ चा, म्हणजे विस्कॉन्सिनच्या मागून आलेला. या क्षेत्रात ज्या राज्याकडे आदराने पाहिलं जायचं, तिथली ही गोष्ट आहे.

या विम्यासाठी प्रत्येक राज्याचा स्वतंत्र निधी असतो आणि तो मालकांकडून घेतलेल्या करातून भरला जातो. जो मालक जास्त माणसं काढतो त्याच्या कराचा दर वाढतो. केंद्र सरकार चौकट ठरवतं आणि प्रशासनाचा खर्च देतं. भत्ता किती, किती आठवडे, पहिला आठवडा कोरा ठेवायचा की नाही, हे राज्याच्या हातात असतं. २०२० मध्ये विस्कॉन्सिनमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त ३७० डॉलर मिळत, तेव्हाच्या दराने साधारण २८ हजार रुपये, आणि तेही जास्तीत जास्त २६ आठवडे.

प्रतीक्षा आठवड्याची बाजू मांडणारे दोन कारणं देतात. एक, अर्ज खरा आहे की नाही, मालकाचं म्हणणं काय, हे तपासायला खात्याला थोडा अवधी हवा. दुसरं, विम्यात पहिला थोडा भार विमाधारकानेच सोसायचा, म्हणजे चार दिवसांच्या बेकारीसाठी लोक दावे लावत नाहीत आणि निधी टिकतो. शांत काळात या दोन्ही कारणांत काही तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण विस्कॉन्सिनमध्ये ही अट आली ती मुख्यतः पैशाच्या ओढाताणीतून. २००८ च्या मंदीत राज्याचा निधी आटला आणि केंद्राकडून कर्ज काढावं लागलं. त्यानंतर गव्हर्नर स्कॉट वॉकर यांच्या २०११ च्या अर्थसंकल्पात प्रतीक्षा आठवडा घातला गेला आणि जानेवारी २०१२ पासून तो लागू झाला. २०२० च्या सुरुवातीला मात्र त्याच निधीत सुमारे २०० कोटी डॉलर शिल्लक होते. ज्या तंगीसाठी अट आणली ती तंगी केव्हाच सरली होती.

एका आठवड्याने काय होतं

वरवर पाहता या अटीने कोणाचंच काही बुडत नाही. एकूण २६ आठवडे कायम राहतात, सुरुवात फक्त आठवडाभर पुढे सरकते. जो पूर्ण २६ आठवडे बेकार राहील, त्याला २६ आठवड्यांचे पैसे मिळतीलच. पण बहुतेक माणसं इतका काळ बेकार नसतात. आठ आठवड्यांनी परत कामावर गेलेल्या माणसाला सातच आठवड्यांचे पैसे मिळतात. त्याचा एक आठवडा उशिरा मिळत नाही, तो गेलाच. म्हणजे ही अट सर्वांत जास्त लागते ती लवकर कामावर परतणाऱ्याला. आणि मार्च २०२० मध्ये तर मालकच सांगत होते की काही आठवड्यांसाठी घरी बसा, उघडलं की बोलावतो.

त्यात आणखी एक गोष्ट घडली, आणि ती त्या वेळच्या चर्चेत पुरेशी आली नाही. २७ मार्चला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या सहीने महामारीतल्या मदतीचा केअर्स कायदा झाला. त्यात प्रत्येक भत्तेधारकाला केंद्राकडून आठवड्याला ६०० डॉलर जादा मिळणार होते. अट एवढीच की त्या आठवड्याचा राज्याचा भत्ता मिळालेला असला पाहिजे. प्रतीक्षा आठवड्यात राज्याचा भत्ता शून्य, म्हणून केंद्राचे ६०० ही शून्य. समजा, एखाद्या वेट्रेसचं काम ३० मार्चला गेलं आणि तिचा भत्ता आठवड्याला २५० डॉलर बसतो. तिच्या पहिल्या आठवड्याची किंमत आता २५० राहिली नव्हती, ८५० झाली होती. अट कायद्यात होती तशीच होती, तिचा फटका मात्र तिपटीहून अधिक झाला.

एप्रिलच्या १ तारखेला घरभाडं द्यायचं असतं, हेही विसरू नये. बचत असलेल्या माणसाला एक आठवडा म्हणजे गैरसोय. टिपवर जगणाऱ्याला तोच आठवडा म्हणजे भाडं थकणं.

गव्हर्नरचा आदेश का पुरला नाही

कॅलिफोर्नियात गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी १२ मार्चच्या आदेशात प्रतीक्षा आठवडा उठवला. ओहायोत माइक डिवाइन यांनी १६ मार्चला. शेजारच्या मिनेसोटात टिम वॉल्झ यांनी त्याच दिवशी. यांत डेमोक्रॅट होते तसे रिपब्लिकनही होते. मग एव्हर्स यांनी तसाच आदेश का काढला नाही?

त्यांना ते करता येत नव्हतं. विस्कॉन्सिनच्या आणीबाणी कायद्यानुसार गव्हर्नर प्रशासकीय नियम स्थगित करू शकतो. विधिमंडळाने केलेला कायदा स्थगित करू शकत नाही. भत्ता मिळवण्यासाठी दर आठवड्याला नवं काम शोधल्याचे पुरावे द्यायचे, ही अट राबवण्याचा तपशील नियमांत होता, म्हणून एव्हर्स यांनी १८ मार्चच्या आदेशाने ती सैल केली. प्रतीक्षा आठवडा थेट कायद्याच्या कलमात होता. त्याला हात लावायचा तर विधानसभा आणि सिनेट दोन्हींची मंजुरी हवी. दोन्ही सभागृहांत बहुमत रिपब्लिकनांचं, गव्हर्नर डेमोक्रॅट, आणि त्यांच्यातलं वैर आधीच कडवट. एव्हर्स यांनी मार्चमध्येच मागणी केली. विधिमंडळाची बैठक भरली एप्रिलच्या मध्यावर.

एखादी अट कायद्यात लिहायची की नियमात, हा प्रश्न सामान्य वेळी वकिलांपुरता वाटतो. कायद्यात लिहिलेली गोष्ट टिकाऊ असते, कोणी एका सहीने ती मोडू शकत नाही, आणि लोकशाहीला ते हवंच असतं. पण संकटात सोडायचीच असलेली अट जर कायद्यात असेल, तर ती कधी आणि कोण सोडू शकेल हेही त्याच कायद्यात लिहिलेलं हवं. २०११ च्या अर्थसंकल्पात कोणी तसा विचार केला नाही.

केंद्राने देऊ केलेले पैसे

केंद्र सरकारने राज्यांना ही अट उठवायला लावण्यासाठी दोनदा पैसे पुढे केले. १८ मार्चच्या पहिल्या मोठ्या मदत कायद्यात बेकारी विम्याच्या प्रशासनासाठी १०० कोटी डॉलर होते. त्यातला अर्धा वाटा अशा राज्यांसाठी होता जी प्रतीक्षा आठवडा, काम शोधण्याची सक्ती आणि मालकांवरचा बोजा यांत सवलत देतील. मग केअर्स कायद्याच्या २१०५ व्या कलमाने याहून मोठी गोष्ट केली. जे राज्य प्रतीक्षा आठवडा ठेवणार नाही, त्याच्या पहिल्या आठवड्याच्या भत्त्याचा संपूर्ण खर्च केंद्र देईल.

म्हणजे २७ मार्चपासून विस्कॉन्सिनपुढे हिशेब असा होता: अट उठवली तर कामगाराला पैसे लवकर मिळतात आणि राज्याच्या निधीतून एक डॉलरही जात नाही. अट ठेवली तर कामगार उपाशी आणि केंद्राचे पैसे वाया. मालकांच्या बाजूने विचार केला तरी अट तात्काळ उठवण्यातच फायदा होता, कारण निधी त्यांच्याच करातून भरतो. या प्रश्नाला खरं तर दुसरी बाजूच उरलेली नव्हती.

तरीही १५ एप्रिल उजाडला. १४ तारखेला विधानसभेने आणि १५ ला सिनेटने पहिल्यांदाच दूरस्थ बैठक घेऊन भारी बहुमताने विधेयक मंजूर केलं. एव्हर्स यांनी त्याच दिवशी सही केली. २०१९ च्या सत्रातला १८५ वा कायदा असं त्याचं नाव. १२ मार्चनंतर दावा सुरू झालेल्या प्रत्येकाचा प्रतीक्षा आठवडा त्याने पूर्वलक्षी प्रभावाने रद्द केला आणि ही सवलत ७ फेब्रुवारी २०२१ पर्यंत ठेवली.

कामगारांचे पैसे अशा रीतीने वाचले. केंद्राची भरपाई मात्र पूर्वलक्षी नव्हती. ज्या आठवड्यांत राज्याच्या कायद्यात अट शिल्लक होती, त्या आठवड्यांचा खर्च केंद्राने दिला नाही. तो राज्याच्या निधीवर पडला, सुमारे अडीच कोटी डॉलर. आणि ज्या आठवड्यांचे पैसे हुकले त्यांतच दाव्यांचा लोंढा सर्वांत मोठा होता. देशभरात १४ मार्चला संपलेल्या आठवड्यात जवळपास २.८ लाख नवे दावे आले होते, पुढच्याच आठवड्यात ते ३२ लाखांवर गेले आणि त्यानंतरच्या आठवड्यात ६० लाखांच्याही वर. पहिल्या आठवड्याचा खर्च देण्याची योजना होती, आणि बहुतेकांचा पहिला आठवडा नेमका राज्याच्या दिरंगाईच्या काळात येऊन गेला. याला आपल्याकडे वरातीमागून घोडं म्हणतात.

दोन्ही पक्षांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. माझ्या मते जबाबदारी विधिमंडळाच्या नेतृत्वाची अधिक आहे. १४ एप्रिलला दूरस्थ बैठक घेता आली, तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात या एका कलमापुरती ती घेणं अशक्य नव्हतं. सर्व मदत एकाच मोठ्या विधेयकात बांधायची, हा त्यांचा निर्णय होता.

कागदावरचा आठवडा आणि फोनवरचे महिने

प्रकरण इथे संपलं असतं तर ते राजकीय दिरंगाईचं एक उदाहरण ठरलं असतं. पण अट उठल्यावरही हजारो लोकांच्या हातात पैसे आले नाहीत. राज्याच्या लेखापरीक्षण कार्यालयाने सप्टेंबर २०२० मध्ये दिलेला अहवाल वाचताना जीव तुटतो. १५ मार्च ते ३० जून या काळात बेकारी विम्याच्या कॉल सेंटरांना ४.११ कोटी फोन आले. त्यातले ९३.३ टक्के फोन लागलेच नाहीत किंवा व्यस्त आले. ६.२ टक्के लोकांनी ताटकळून फोन ठेवून दिला. उत्तर मिळालं ते ०.५ टक्के फोनांना. राज्याची लोकसंख्या साठ लाखांच्या आत आहे. एकेक माणूस दिवसभर तोच नंबर फिरवत होता, तेव्हा हा आकडा झाला.

अर्ज कित्येक दशकं जुन्या, कोबोल या जुन्या संगणक भाषेत लिहिलेल्या प्रणालीतून जात होते. साधा, वाद नसलेला दावा ती लवकर निकाली काढायची. पण एका प्रश्नाचं उत्तर चुकलं, दोन मालकांकडे काम केलेलं असलं, पगाराची नोंद जुळली नाही, की दावा माणसाच्या टेबलावर जायचा आणि तिथे महिनोन्‌महिने पडून राहायचा. सप्टेंबरमध्ये एव्हर्स यांनी कामगार खात्याचे सचिव केलेब फ्रॉस्टमन यांचा राजीनामा घेतला. साचलेले दावे निकाली निघाले असं खात्याने जाहीर केलं तेव्हा डिसेंबर संपत आला होता.

कायद्यातला प्रतीक्षा काळ सात दिवसांचा होता. खात्याच्या कारभारातला प्रतीक्षा काळ मोजायला कोणतंही कलम नव्हतं, त्यामुळे तो उठवायची मागणीही कोणाला करता आली नाही. अट उठवण्याचा निर्णय योग्यच होता, पण तो घेताना सरकारांनी स्वतःच्या यंत्रणेचा वेग पाहिला नाही.

आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तेच पुन्हा घडलं. सवलतीची मुदत ७ तारखेला संपली, महामारी संपली नव्हती. मुदतवाढीचा कायदा झाला २५ फेब्रुवारीला, पुन्हा पूर्वलक्षी, आणि तोही जेमतेम १४ मार्चपर्यंत. त्यानंतर सुरू होणाऱ्या दाव्यांना प्रतीक्षा आठवडा परत लागला. केंद्र मात्र सप्टेंबर २०२१ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरपाई द्यायला तयार होतं.

विरुद्ध बाजूचा सर्वांत मजबूत पुरावा

अट उठवण्याला खरी किंमत कुठे मोजावी लागली असेल, तर ती वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या बाजूला. तिथे प्रतीक्षा आठवडा झटपट उठवला, पैसेही झटपट सुटले. मे २०२० मध्ये उघड झालं की चोरलेल्या ओळखींच्या आधारे टोळ्यांनी खोटे दावे लावून ६० कोटी डॉलरहून अधिक रक्कम लांबवली होती. काही पैसे परत मिळवता आले. प्रतीक्षा आठवडा गेल्यामुळे मालकाकडून खात्री करून घ्यायला वेळच उरला नाही, हे तिथल्या खात्यानेही मान्य केलं.

हा आक्षेप गंभीर आहे. तरी मला तो अट ठेवण्याच्या बाजूचा वाटत नाही. वॉशिंग्टनने नंतर केलं ते असं की पैसे सोडण्यापूर्वी एक-दोन दिवस थांबून पडताळणी केली. एक-दोन दिवस थांबणं आणि पूर्ण आठवड्याचे पैसेच न देणं यात मोठा फरक आहे. पडताळणीसाठी वेळ हवा तर पैसे आठवडाभर उशिरा द्या, पण पहिल्या आठवड्याचे धरून द्या. प्रतीक्षा आठवडा तपासणीच्या नावाने पैसेच कापतो.

आपल्याकडचे नव्वद दिवस

आपल्याकडे बेकारी विमा असा सरसकट नाही. पण महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या विमाधारक कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना जुलै २०१८ पासून आहे. चाकण, भोसरी, सातपूर किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात ज्यांच्या पगारातून ईएसआय, म्हणजे या राज्य विम्याची वर्गणी, कापली जाते, ते यात बसू शकतात. मूळ योजनेत नोकरी गेल्यावर सरासरी रोजच्या कमाईच्या २५ टक्के रक्कम, आयुष्यात एकदाच, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी मिळायची. आणि ती मागता यायची नोकरी जाऊन ९० दिवस झाल्यावर. विस्कॉन्सिनमध्ये सात दिवसांवरून एवढं रामायण झालं. आपल्या योजनेत तीन महिने थांबायचं होतं.

२० ऑगस्ट २०२० ला महामंडळाच्या बैठकीत चांगले बदल झाले. रक्कम २५ ची ५० टक्के झाली. थांबण्याचा काळ ९० वरून ३० दिवसांवर आला. दावा जुन्या मालकामार्फत पाठवण्याची सक्ती गेली आणि कामगाराला थेट शाखा कार्यालयात अर्ज करता येऊ लागला. शेवटची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते, कारण ज्याने कामावरून काढलं त्याच्याच दारात सहीसाठी उभं राहणं किती कठीण असतं हे कोणत्याही औद्योगिक वसाहतीत विचारून पाहावं. सवलत २४ मार्च ते ३१ डिसेंबर २०२० या काळात नोकरी गेलेल्यांसाठी होती आणि पुढे वाढवली गेली.

आता तारखा जुळवून पाहा. टाळेबंदी २५ मार्चला लागली. त्या दिवशी ज्याची नोकरी गेली त्याचे ९० दिवस २३ जूनला पुरे झाले होते. २० ऑगस्टला निर्णय आला तोवर २२ मेपर्यंत नोकरी गेलेल्या प्रत्येकाने जुना, लांब प्रतीक्षा काळ आधीच काढलेला होता. एप्रिल आणि मे हे सर्वांत वाईट महिने. त्या काळात बाहेर फेकल्या गेलेल्या कामगाराला वाढलेल्या रकमेचा फायदा झाला, ९० चे ३० झाल्याचा जवळजवळ काहीच नाही. दाव्यासोबत प्रतिज्ञापत्र जोडायची अट तर नोव्हेंबरमध्ये गेली.

विस्कॉन्सिनच्या राजधानीत, मेडिसनमध्ये, आणि दिल्लीत निर्णय घेणाऱ्यांची भाषा, पक्ष, पैशाचे स्रोत सगळं वेगळं होतं. चूक एकच होती: सवलत द्यायची की नाही हे संकट आल्यावर ठरवायला घेतलं. ही अट आपोआप गळून पडावी अशी सोय मूळ कायद्यातच करता येते. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली कामधंदे बंद ठेवण्याचा आदेश निघाला की त्या तारखेपासून प्रतीक्षा काळ शून्य, आदेश मागे घेतल्यावर ठराविक दिवसांनी तो परत लागू, आणि दावा किती दिवसांत निकाली काढायचा याची मुदत खात्यावर बंधनकारक. सामाजिक सुरक्षा संहिता सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत मंजूर झाली. तिच्याखालच्या योजना आणि नियम लिहिताना ही तीन वाक्यं घालायला वेगळा पैसा लागत नाही.